अकरा विहिरींचे उलटे बाण

"मॅडम, तुमच्या बाणानं गाव लय खूश झालंय," अप्पा फोनवर म्हणाले.

सकाळचे नऊ वाजले होते. मी परभणीत माझ्या घरी, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन बसले होते. खूश झालेल्या गावाचा फोन मला आजवर कधी आला नव्हता, त्यामुळे मी आधी थोडी फुगले. मग विचारलं, "कोणता बाण, अप्पा?"

"आवो, विहिरीचे. अकराच्या अकरा बाण वर चाललेत. सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत भुईमुगावरची बंदी उठवायची म्हणायलेत लोक."

चहा मी टेबलावर ठेवला. तो नंतर तसाच गार झाला. कारण मी काढलेल्या आलेखात अकरा बाण होते हे खरं, पण ते सगळे खाली जाणारे होते.

"खाली असतील, अप्पा. नीट बघा."

"फ्लेक्स माझ्या दुकानासमोरच लागलाय, मॅडम. मला वर-खाली कळतंय की."

त्यांनी फोटो पाठवला. सहा फूट बाय चार फुटांचा फ्लेक्स, वर गावाचं नाव, खाली चोवीस विहिरी, आणि त्यातल्या अकरा विहिरींवर आकाशाकडे तोंड केलेले, ठसठशीत निळे बाण. दिवाळीचे रॉकेट सोडावेत तसे.

आता थोडं मागे जाते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई एवढी का घाबरली.

मी प्रोग्रॅमर आहे. वय एक्कावन्न. पुण्यात वीस वर्षं नोकरी करून परभणीला परत आले आणि आता घरून काम करते. भूजलावर काम करणाऱ्या इथल्या एका संस्थेसाठी मी विहिरींचे आलेख काढून देते. हे झालं माझं दुकान. पण माझा एक कारखानाही आहे, आणि तो मला जास्त प्रिय आहे. शास्त्रज्ञ लोक आलेख काढायला जी एक लायब्ररी वापरतात, म्हणजे तयार कोडचा मोठा साठा, तो सांभाळणाऱ्या टीममध्ये मी आहे. ही लायब्ररी ओपन सोर्स आहे. कोड सगळ्यांना उघडा, कुणीही वापरा, कुणीही सुधारा. सुधारणा सुचवायला जगभरातून लोक येतात. ती आत घ्यायची की नाही हे आम्ही आठ-दहा जण ठरवतो. पगार नाही, पण रुबाब आहे.

आणि गाव? बोरीच्या पुढे सहा किलोमीटर. नाव सांगत नाही, गावाने तशी अट घातली आहे. या गावात तीन वर्षांपूर्वी सगळ्यांनी एकदम उन्हाळी भुईमूग लावला. शेतातल्या मोटारी अखंड चालल्या आणि गावाची पिण्याची विहीर होळीलाच कोरडी पडली. बाया तीन महिने टँकरच्या मागे पळाल्या. मग गावाने ठराव केला: विहिरींना पाणी असेल त्याच वर्षी उन्हाळी भुईमूग. पाणी आहे की नाही, हे संस्थेचा आलेख सांगेल. म्हणजे मी सांगेन.

आणि मी सांगितलं होतं की पाणी वर चाललंय.

विहिरीचा आलेख उलटा काढतात. शून्य सगळ्यात वर, ती जमीन. तिथून खाली दहा फूट, वीस फूट, तीस फूट. पाणी जितकं खोल, टिंब तितकं खाली. कागदाकडे बघितलं की विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटावं, एवढाच हेतू. आता गावात विहिरी मोजायच्या मंदाबाई. त्यांच्याकडे संस्थेने दिलेली दोरी, टोकाला दगड, दर परसाला गाठ. परस म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, धरून चाला सहा फूट. दोरी दहा परसांची. गावातल्या विहिरी वर्षानुवर्षं खोल होत गेल्या, दोरी तेवढीच राहिली. त्यामुळे काही विहिरींत दोरी संपते, पण दगड ओला होत नाही. अशा वेळी मंदाबाई वहीत लिहितात: "दोरी संपली."

अशा विहिरीचं मी काय करायचं? साठ फुटांवर टिंब द्यायचं आणि त्याला खाली जाणारा बाण लावायचा. अर्थ असा, की पाणी याच्याही खाली आहे, किती खाली ते माहीत नाही. या जानेवारीत अशा अकरा विहिरी होत्या. चोवीसपैकी अकरा विहिरींत दोरी पुरली नाही ही बातमी वाईट होती. त्याच बातमीवर गाव पेढे वाटायच्या बेतात होतं.

मी लॅपटॉपवर तोच आलेख पुन्हा काढला. बाण खाली. दुसऱ्यांदा काढला. खाली. मग संस्थेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लांबून शिरले, फ्लेक्स तिथूनच छापायला जातो, आणि तिथे तोच प्रोग्रॅम चालवला. बाण वर.

दोन्हीकडे माझाच प्रोग्रॅम. दोन्हीकडे मंदाबाईंचेच आकडे. फरक एकच: ऑफिसच्या कॉम्प्युटरने आठवड्यापूर्वी स्वतःहून लायब्ररीची नवी आवृत्ती उतरवून घेतली होती. माझ्या लॅपटॉपवर जुनी होती. म्हणजे चूक दुकानात नव्हती. कारखान्यात होती.

संस्थेचे प्रमुख पाठक सर. त्यांना फोन केला.

"सर, तो फ्लेक्स उतरवायला सांगा. बाण उलटे आहेत."

"कोणी उलटे केले?"

"शोधते आहे."

"आधी शोधा. आमचं चुकलं असं मी गावाला एकदा सांगू शकतो. दोनदा सांगितलं तर तिसऱ्यांदा खरं बोललो तरी कोणी ऐकणार नाही. पंचवीसच्या संध्याकाळपर्यंत मला कारण द्या. लेखी. आणि मला समजेल असं."

त्या दिवशी तेवीस तारीख होती.

अप्पांना सांगितलं, तर त्यांची वेगळीच अडचण. अप्पा गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, किराणा दुकान, आणि बोलण्यात घाई अजिबात नाही. "उतरवतो की," ते म्हणाले. "पण मॅडम, आता उतरवला तर लोक काय म्हणतील? पाणी हाय म्हणून संस्थावाली झाकायलीय."

"मग तुम्ही काय करणार?"

"त्याच्यावर पोतं टाकतो. वाऱ्यानं फाटायलाय म्हणून सांगतो."

तासाभराने त्यांचा पुन्हा फोन. "मॅडम, पोतं उचलून उचलून बघायलेत. आधी एवढी गर्दी नव्हती."

मी फोन उलटा ठेवला आणि कामाला लागले.

जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या मध्ये कोडमध्ये शेकडो लहानमोठे बदल झालेले असतात. त्यातला कुठला बदल नासका, हे शोधायची आमची रीत शेतातल्या पाइपलाइनसारखी आहे. पाइप कुठे फुटला हे कळत नसेल तर मधला जोड उकलायचा. इथपर्यंत पाणी येतंय? मग फूट पुढे आहे. नाही येत? मग मागे आहे. उरलेल्याचा पुन्हा मधला जोड. मी तसंच केलं. मधली आवृत्ती चालवली: बाण खाली. तिच्या पुढची मधली: वर. त्या दोन्हींच्या मधली: खाली. दुपारी दोन वाजेपर्यंत मी एका बदलावर येऊन थांबले. बदल चौदा ओळींचा होता.

मग आमच्याकडे एक कमांड आहे, तिचं नावच 'ब्लेम'. ही ओळ कुणी लिहिली, कुणी मंजूर केली, कधी केली, सगळं ती सांगते. मी ती चालवली. खरं सांगते, त्या क्षणी मला थोडी मजा यायला लागली होती. चोर सापडणार होता.

लिहिणारी: ब्राझीलमधल्या एका विद्यापीठातली बाई.

मंजूर करणारी: मी.

खाली माझाच शेरा होता. "सुंदर काम. कोड किती सुटसुटीत झाला." आणि पुढे एक हसरा चेहरा. पिवळा.

मी उठले आणि खोलीचं दार लावून घेतलं. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरीही.

बदल काय होता ते सांगते. बाण लावताना लायब्ररीने पट्टीला, म्हणजे आलेखाच्या बाजूच्या आकड्यांच्या रेषेला, विचारायला हवं, "आकडे कुठल्या बाजूला वाढतात?" साध्या आलेखात ते वरच्या बाजूला वाढतात. विहिरीच्या आलेखात खाली. पूर्वी हा प्रश्न अगदी शेवटी, चित्र रंगवायच्या क्षणी विचारला जायचा. ब्राझीलच्या बाईने तो सुरुवातीलाच विचारायची सोय केली, कारण त्याने काम जरा लवकर होतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये मी आधी टिंबं आणि बाण टाकते आणि सगळं झाल्यावर शेवटच्या ओळीत पट्टी उलटी करते. म्हणजे बाणाने विचारलं, "वाढ कुठे?" पट्टी म्हणाली, "वर." बाण वर तोंड करून बसला. मग मी पट्टी फिरवली. बाणाला कुणी कळवलंच नाही.

आणि आमच्या टेस्ट? टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम. आमच्याकडे ते हजारोंनी आहेत, आणि तेव्हा सगळे हिरवे होते, म्हणजे पास. कारण प्रत्येक टेस्टमध्ये पट्टी आधी उलटी केली होती आणि बाण नंतर लावले होते. शहाण्या माणसांनी लिहिलेल्या टेस्ट होत्या त्या. शहाणी माणसं आधी कागद सरळ करतात. मी आधी लिहिते आणि मग कागद फिरवते.

हेल्गाला कॉल लावला. हेल्गा आमच्या टीमची सगळ्यात कडक सभासद. जर्मनीत एका दुर्बिणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आम्ही इंग्रजीत बोलतो, इथे मराठीत लिहिते.

"उलट्या पट्टीवर बाण उलटे पडतायत," मी म्हणाले.

तिचा चेहरा पांढरा असतोच, तो आणखी पांढरा झाला. "आम्ही सगळे उलटी पट्टी वापरतो, शैला. तारा जितका तेजस्वी, तितका त्याचा आकडा लहान. आमच्या प्रत्येक आलेखात उलटी पट्टी असते."

"तुम्ही ती आधी उलटी करता की नंतर?"

ती दोन मिनिटं स्क्रीनवरून गायब झाली. परत आली. "मी आधी. पण सगळ्यांचं मला माहीत नाही. हा बदल कोणी मंजूर केला?"

"मी."

"हं," ती म्हणाली. जर्मन माणसाच्या 'हं'मध्ये किती जागा असते, ते मला तेव्हा कळलं. मग म्हणाली, "पुढची आवृत्ती थांबवते. तू दुरुस्ती कर. टेस्टशिवाय घेणार नाही."

चोवीस तारीख पूर्ण वाया गेली. मी सोपा उपाय केला: कुणी पट्टी उलटी केली, की आधी लावलेले सगळे बाणही उलटे करायचे. चालवलं. माझ्या विहिरींचे बाण झपकन खाली आले. मी खुर्चीत स्वतःशीच टाळी वाजवली. मग टेस्ट चालवल्या आणि चाळीसएक लाल झाल्या.

झालं असं होतं, की कितीतरी लोक बाणासारखं चिन्ह नुसतं शोभेला वापरतात. त्याला 'पाणी याच्या खाली आहे' असा काही अर्थ नसतो. त्या बिचाऱ्यांचेही बाण मी पालथे घातले होते. एक चूक दुरुस्त करताना चाळीस चुका. तीच दुरुस्ती घाईत आत गेली असती तर जगभरातल्या चाळीस अप्पांनी आपापल्या मॅडमना फोन केले असते.

तेवढ्यात खऱ्या अप्पांचाच फोन आला. "मॅडम, दगडूबानं बियाणं आणलं. त्याचं बघून आणखी चौघं निघालेत आणायला. तुमचं काय व्हायलंय?"

"व्हायलंय, अप्पा."

"दम धरा म्हणतो मी लोकांना. पण भुईमुगाचा हंगाम दम धरत न्हाई."

पंचवीसला सकाळी उठले ती भीतीनेच. उशी उचलून बघितली असती तर तिच्याखालीही बाण सापडला असता. पण भीतीने एक फायदा होतो, माणूस सोपा उपाय सोडून देतो. मी बाण वर की खाली हे साठवणंच बंद केलं. त्याऐवजी अर्थ साठवला: 'निदान इतकं तरी.' बाणाचं तोंड कुठे, हे चित्र रंगवायच्या शेवटच्या क्षणी पट्टीला विचारून ठरवायचं. शोभेच्या बाणांना अर्थच नाही, म्हणून त्यांना कुणी हात लावणार नाही. जुनीच रीत होती ती, फक्त यावेळी का पाळायची ते मला कळलं होतं.

टेस्ट हिरव्या झाल्या. मग मी नवी टेस्ट लिहिली: आधी अकरा टिंबं आणि अकरा बाण, मग पट्टी उलटी, बाण खाली दिसलेच पाहिजेत. तिचं नाव इंग्रजीत 'दोरी संपली' असं ठेवलं. हेल्गाने विचारलं, "कसली दोरी?" मी सांगितलं. तिने चौदा मिनिटं एकेक ओळ वाचली. मी तेवढा वेळ भिंतीवरचं घड्याळ वाचलं. मग तिने मंजुरी दिली आणि शेरा लिहिला: "बरोबर आहे." हसरा चेहरा नव्हता.

पाठक सरांना तीन वाक्यांत कारण लिहून पाठवलं. त्यांचा लगेच फोन.

"म्हणजे कारखान्यात चूक तुमची."

"हो."

"आणि दुकानातून माल न बघता गेला, तीही तुमची."

"हो, सर."

"बरं झालं. एकाच माणसाला विचारायचं. उद्या तुम्हीच जा."

सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या गेल्या आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. मी नवा फ्लेक्स घेऊन गेले होते. अप्पांनी जुन्याच्या शेजारी तो टांगला. एकीकडे अकरा बाण वर, एकीकडे खाली. मी हात जोडून सांगितलं की पहिला चुकीचा होता आणि चूक माझी होती.

"सोमवारी वर चढलता, आज खाली उतरला," मागून कोणीतरी म्हणालं. "कोणच्या यष्टीनं आला म्हणावं?"

सगळे हसले. मीही हसले. दोन कागद समोर असले, की माणूस गोड कागदावर विश्वास ठेवतो. मीही तेच केलं असतं.

दगडूबा उठले. पटका, पांढऱ्या मिशा, सात नंबरच्या विहिरीचे मालक. "मॅडम, तुमचा राग न्हाई. पण कागदाचं ऱ्हाऊ द्या. माझी विहीर हितून दोन बांधांवर हाय. तुमच्या कागदात तिच्यात दोरी संपलीय. चला, दोरी सोडा. समद्यांसमोर."

यापेक्षा चांगलं काय हवं होतं? मी पटकन हो म्हणाले. आजवर इतक्या पटकन मी फक्त ब्राझीलच्या बाईला हो म्हटलं होतं.

अख्खी ग्रामसभा विहिरीवर आली. मंदाबाई कठड्याशी उभ्या राहिल्या. चाळिशीची, सडपातळ बाई. पदर खोचलेला, बोलणं कमी. दोरी सोडायला लागल्या. एक गाठ, दोन, तीन. मी मनात दहापर्यंत मोजायला बसले होते. सहाव्या गाठीला दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला.

"घ्या," दगडूबा शांतपणे म्हणाले. "सहा परसावर पाणी हाय. आन् कागदात दोरी संपली."

लोक बोलायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे गेले चार दिवस फिरले. बाण बरोबर केला, पण आकडाच खोटा होता का? मंदाबाईंनी घरी बसून वही भरली का? का मी भलत्याच विहिरीचा आकडा भलतीकडे टाकला? अप्पा माझ्याकडे बघत होते, मी मंदाबाईंकडे. मंदाबाई दोरी गुंडाळत होत्या. त्यांना घाई नव्हती.

"काका," त्या दगडूबांना म्हणाल्या, "मोटार चालू करा."

"काहून?"

"करा तर. लाइट हाय की. या हप्त्यात दिवसाची हाय."

आमच्याकडे शेतीची वीज पाळीने येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हे मला परभणीकर म्हणून माहीत होतं. प्रोग्रॅमर म्हणून त्याचा माझ्याशी काही संबंध आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

दगडूबांनी बटण दाबलं. पाइपातून मनगटाएवढी जाड धार गव्हाच्या पाटात पडायला लागली. स्वच्छ, थंड, भरपूर. दहा मिनिटं गेली. धार तशीच. वीस मिनिटं. लोक बांधावर बसले. अप्पांनी कुणाकडून तरी चहा मागवला. मी घेतला नाही. पंचवीस. "चालू द्या दिवसभर," एक जण म्हणाला. मी धारेकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाहतं पाणी थांबावं अशी इच्छा करत होते. परभणी जिल्ह्यात जन्मलेल्या बाईने अशी इच्छा करणं म्हणजे पापच.

छत्तिसाव्या मिनिटाला पाइप खोकला. धार तुटली, पुन्हा आली, फसफसली आणि हवा सोडायला लागली. दगडूबांनी मोटार बंद केली. मंदाबाईंनी दोरी सोडली. सहा गाठी गेल्या. आठ. दहा. दोरी संपली. दगड कोरडा.

लोक कठड्याशी वाकून खाली बघायला लागले.

मग मंदाबाईंनी वही उघडली. "मी मोजलं तवा रात्रीची लाइट व्हती. रातभर मोटारी चालल्या, सकाळी विहिरी रिकाम्या. आज समदे झेंड्याला गेलते, मोटारी बंद. म्हणून पाणी चढलं. पण चढलेलं पाणी अर्ध्या घंट्याचं हाय."

"मला हे रोजच मालूम हाय," दगडूबा हळूच म्हणाले.

अप्पांनी विचारलं, "मग भुईमुगाचं बियाणं काहून आणलं, गड्या?"

"मला वाटलं माझीच विहीर आशी हाय. बाकीच्यांच्या वर चालल्यात म्हणून फ्लेक्सवर लिवलंय. गावाला पाणी हाय म्हणल्यावर माझं बी भागंल."

एकेकाला आपापल्या विहिरीचं खरं माहीत होतं. माझ्या बाणांनी प्रत्येकाला शेजाऱ्याच्या विहिरीबद्दल खोटं सांगितलं होतं.

"माझी बी पाऊण घंट्यात उसासा टाकती," मागून आवाज आला. "माझी तर वीस मिन्टात," दुसरा म्हणाला. अप्पांनी ती संधी सोडली नाही. तिथेच विहिरीवर हात वर करायला लावले. दोन तास सलग मोटार कुणाची चालते? त्या अकरांपैकी एकही हात वर गेला नाही. उरलेल्या तेरांत पाच गेले. ठराव तिथेच झाला: ज्याची मोटार सर्वांसमोर दोन तास चालेल, त्यानेच भुईमूग लावायचा, तोही एकरभर. बाकीच्यांनी नाही.

परतताना मी मंदाबाईंना गाठलं. "रात्रीची लाइट, दिवसाची लाइट, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

त्यांनी वही पुढे केली. प्रत्येक आकड्यापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: रा. लाइट. दि. लाइट. मोटार चालू. मोटार बंद. तीन वर्षांचं.

"लिवलंय की, ताई. दर महिन्याला फोटू पाठवते. तुमी वाचलं न्हाई."

खरं होतं. माझा प्रोग्रॅम फोटोतले आकडे आणि 'दोरी संपली' एवढंच घ्यायचा आणि बाकीची अक्षरं टाकून द्यायचा. तो मीच तसा लिहिला होता, कामाला सुटसुटीत म्हणून.

पुढचं थोडक्यात. पिण्याची विहीर मे महिना संपेपर्यंत टिकली. जूनच्या पहिल्या आठवड्यात टँकर मागवावाच लागला, दोनदा. दोघांनी ठराव मोडून गुपचूप भुईमूग लावला. एकाचा वाळला, एकाला बरा झाला, आणि तो बरा झालेला अजून मला रस्त्यात भेटला की हसतो. संस्थेने मंदाबाईंना पंधरा परसांची दोरी दिली. दगडूबांनी बियाणं मेहुण्याला देऊन टाकलं, असं ते सांगतात.

लायब्ररीची दुरुस्त आवृत्ती बाहेर गेली. त्यानंतरच्या आठवड्यात तिघांनी कळवलं की त्यांचेही बाण उलटे होते, त्यांना पत्ताच नव्हता. त्यातला एक समुद्राची खोली मोजणारा होता. त्याचा समुद्र चार महिने आकाशाकडे चालला होता आणि त्याच्या ऑफिसात कुणी ब्र काढला नव्हता. ब्राझीलच्या बाईने पत्र लिहून माफी मागितली. मी तिला कळवलं की सही माझी होती.

आता माझ्याकडे कुणाचा बदल मंजुरीला आला, की मी टेस्ट हिरव्या आहेत का हे सगळ्यात शेवटी बघते. आधी ते काम मुद्दाम उलट्या क्रमाने करून बघते, गबाळ्या माणसासारखं. त्याने वेळ जातो आणि हेल्गा कुरकुरते. विहिरींच्या आलेखात आता प्रत्येक टिंबाखाली मोटार किती मिनिटं चालली ते लिहिलेलं असतं. आलेख पूर्वीइतका देखणा राहिला नाही. पण फ्लेक्स छापायला जाण्याआधी मंदाबाई तो वाचून सही करतात, आणि दोनदा त्यांनी तो परत पाठवला आहे.